कारागिराचे नाव कुठे सापडते?

वाचकहो, तुमच्या शाळेत एखादी जुनी लाकडी खुर्ची असेल. शाळेत नसली तर चावडीत असेल, पंचायतीच्या कचेरीत असेल. ती एकदा उलटी करून पाहा. बैठकीच्या खालच्या अंगाला कुठे खात्याचा शिक्का दिसेल, कुठे रंगाने घातलेला नोंदीचा आकडा दिसेल. खुर्ची कोणाच्या मालकीची हे त्यावरून कळेल. ती कोणी केली, हे मात्र बहुधा कळणार नाही.

आम्हां येरवडेकरांना हा प्रश्न जरा जास्तच जवळचा आहे. इथला मध्यवर्ती तुरुंग १८७१ सालचा. त्यात सुतारकामाचा कारखाना आहे, आणि तिथे बंदिवानांनी केलेली खुर्ची किंवा टेबल घरी असले तर माणसे ‘येरवडा जेलचे काम’ म्हणून कौतुकाने सांगतात. महात्मा गांधी १९३० साली याच तुरुंगात होते. त्या वेळी त्यांनी चरख्याच्या सुधारणेत मन घातले, आणि पेटीसारखा मिटणारा, काखेत मारून प्रवासाला नेता येणारा चरखा ‘येरवडा चक्र’ या नावाने देशभर गेला. बघा, नावात गाव आले. फळीला रंधा मारणारे हात काही नावात आले नाहीत.

आजचा विषय एवढाच आहे. वस्तू आपल्यासमोर आहे, ती करणारा माणूस दोनशे वर्षांपूर्वी गेला. तर त्याचे नाव शोधायचे कसे? हे काम नुसत्या पंडितांचे आहे असे मानू नका. त्याची पद्धत साधी आहे, आणि तिचा उपयोग खेड्यातल्या शिक्षकाला शहरातल्या प्राध्यापकापेक्षा अधिक होण्यासारखा आहे.

दूरचे उदाहरण आधी घेऊ. अमेरिकेत फिलाडेल्फिया शहरी अठराव्या शतकात विंडसर धाटणीच्या खुर्च्या होत असत. जाड फळीची बैठक, तिला खालून भोके पाडून ठोकलेले पाय आणि वरून बसवलेल्या पाठीच्या काड्या, अशी तिची ठेवण. तिथले काही सुतार आपल्या नावाची लोखंडी मुद्रा तापवून बैठकीच्या खालून डाग देत. असा डाग मिळाला की निम्मे काम झाले. पण पुष्कळ खुर्च्यांना डाग नसतो. मग शोधणारा काय करतो? खुर्ची बाजूला ठेवतो आणि कागदांकडे वळतो. माणूस वारल्यावर त्याच्या घरातल्या चीजवस्तूंची केलेली याद, कराची यादी, वर्तमानपत्रातली जाहिरात, उमेदवार ठेवल्याचा करार, माल पोचल्याचे बिल. सुताराच्या मरणानंतर केलेल्या यादीत अर्धवट झालेले खुर्चीचे पाय आणि काड्या निघाल्या, तर तो काय करीत होता हे वेगळे सांगावे लागत नाही. अशा नोंदींवरूनच फ्रान्सिस ट्रंबल नावाच्या कारागिराने १७७६ ते १७७८ च्या सुमारास पेनसिल्व्हानियाच्या राज्यसभागृहाला खुर्च्या पुरवल्या हे समजते. त्याच सभागृहात १७८७ साली अमेरिकेची घटना तयार झाली. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ज्या खुर्चीवर बसत, ती १७७९ साली जॉन फॉलवेल याने केली होती. बसणाऱ्याचे नाव पोरासोरांच्या तोंडी आहे. करणाऱ्याचे नाव शोधून काढावे लागले.

आपल्याकडे कोणी म्हणेल, ‘त्यांच्याकडे कागद होते, आपले कारागीर निनावीच राहिले.’ हे वाक्य आपण सहज बोलून जातो, पण ते खरे नाही.

लोणावळ्याजवळ कार्ल्याचे लेणे आहे. एकवीरेच्या दर्शनाला जाताना तुमच्यापैकी पुष्कळांनी ते पाहिले असेल. तिथल्या चैत्यगृहाच्या दगडी छताला लाकडी कमानी बसवलेल्या आहेत, आणि सुमारे दोन हजार वर्षे झाली तरी त्या वर टिकून आहेत. त्याच चैत्यगृहाच्या दाराशी ब्राह्मी लिपीत एक लहानसा लेख आहे. त्याचा अर्थ असा, की हे दार धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने केले. स्वतःचे नाव, बापाचे नाव, गाव आणि धंदा, चारही गोष्टी एका ओळीत आल्या. आपल्या शाळेच्या रजिस्टरात याहून अधिक आपण काय लिहितो? कर्जतजवळच्या कोंडाण्याच्या लेण्यातही असाच एक लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असे तो सांगतो. म्हणजे तिथे गुरूचे नाव राहिले आणि चेल्याचेही राहिले.

आता उलट बाजू पाहा. वेरूळचे कैलास लेणे राष्ट्रकूट राजा कृष्ण याच्या काळात, आठव्या शतकात खोदले गेले. पुढे इ. स. ८१२ च्या सुमाराचा एक ताम्रपट बडोद्याला सापडला. त्यात या देवळाची स्तुती आहे, आणि त्यात म्हटले आहे की हे काम पुरे झाल्यावर ते घडवणारा स्वतःच चकित झाला. आपल्या हातून हे झाले कसे, असे त्याला वाटले. राजाचे नाव आहे, कारागिराच्या मनातले आश्चर्यसुद्धा आहे. नाव तेवढे नाही. ताम्रपट लिहिणाऱ्याला ते लिहावेसे वाटले नाही, एवढाच याचा अर्थ. कारागिराला नाव नव्हते असा नव्हे.

हा फरक नीट ध्यानात घ्या, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे. नाव नव्हते म्हणून ते हरवले असे कधी होत नाही. कामाच्या शेजारी ते कोणी लिहिले नाही, किंवा लिहिलेला कागद टिकला नाही, म्हणून ते हरवते.

आता आपल्या पुण्याचाच एक माणूस घेऊ आणि त्याचा माग पायरीपायरीने काढू. गंगाराम चिंतामण तांबट हे त्याचे नाव. काही ठिकाणी ‘नवगिरे’ हे नावही त्याच्यासाठी येते. सवाई माधवराव पेशव्यांच्या काळात, म्हणजे १७९० नंतरच्या दहा वर्षांत, तो पुण्यात चित्रे काढीत होता.

पहिली पायरी नावाची. आपल्या पद्धतीच्या नावात तीन धागे असतात, स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि कुळाचे किंवा धंद्याचे नाव. नुसता ‘गंगाराम’ शोधू लागाल तर शंभर गंगाराम भेटतील. ‘चिंतामणचा गंगाराम’ म्हटले की दहा उरतील, आणि ‘तांबट’ म्हटले की एखाददुसराच. पण इंग्रजी कागदांत शोधायचे असेल तर आणखी एक गोष्ट माहीत हवी. त्या काळचे इंग्रज आपली नावे कानाने ऐकून लिहीत, आणि आपल्या ‘अ’ साठी पुष्कळदा ‘यू’ हे अक्षर वापरीत. म्हणून गंगारामचा ‘गुंगाराम’ होतो. ज्याला हे ठाऊक नाही तो समोर आलेले नाव ओलांडून पुढे जाईल.

‘तांबट’ या शब्दाने फसायचेही कारण नाही. पुण्याच्या कसबा पेठेत तांबट आळी आहे. तांब्याच्या भांड्यावर हातोडीने एकसारखे ठोके देत मठारकाम करणारी घरे तिथे पिढ्यान्पिढ्या राहत आली. पण तांबट हे जसे धंद्याचे नाव, तसे जातीचे आणि कुळाचेही. गंगाराम तांबट घराण्यातला होता एवढे नावावरून म्हणता येते. त्याने स्वतः किती घागरी ठोकल्या हे नावावरून म्हणता येत नाही. कागद जेवढे सांगतो तेवढेच घ्यावे. पदरची भर घालू नये.

दुसरी पायरी काळाची. इंग्रजांचा वकील चार्ल्स मालेट १७८६ पासून १७९७ पर्यंत पेशव्यांच्या दरबारी होता. त्याचा मुक्काम संगमावर, जिथे मुळा आणि मुठा एकत्र होतात तिथे. आमच्या येरवड्याहून ती जागा नदीच्या वरच्या अंगाला कोसभर. मालेटला इथल्या देवळांची, लेण्यांची, जनावरांची, माणसांच्या चालीरीतींची चित्रे हवी होती, आणि गंगाराम त्याच्यासाठी काम करीत असे. पुढे जेम्स वेल्स नावाचा स्कॉटलंडचा चित्रकार १७९१ साली मुंबईस उतरला आणि १७९२ मध्ये पुण्याला आला. त्याने पेशव्यांची आणि नाना फडणिसांची चित्रे काढली. मालेटच्या खटपटीने शनिवारवाड्यात चित्रकला शिकवण्याची सोय झाली, तिथे वेल्स शिकवी, आणि गंगाराम हा त्याच्या हाताखालचा नामांकित शिष्य, अशी हकीकत सांगतात.

इथपर्यंतची गोष्ट ऐकून कोणालाही वाटेल की साहेबाने येऊन एका तांबटाला चित्रकार केले. पण तारखा बघा. पर्वतीच्या पायथ्याशी पेशव्यांचा शिकारखाना होता. त्यातल्या गेंड्याचे गंगारामने काढलेले चित्र आहे, आणि त्यावरची नोंद नोव्हेंबर १७९० ची आहे. वेल्स त्या वेळी हिंदुस्थानात आलेलासुद्धा नव्हता! म्हणजे गंगारामचा हात आधीच तयार होता. वेल्सजवळ तो काही नवे शिकला असेल, दूरच्या वस्तू लहान आणि जवळच्या मोठ्या दाखवण्याची विलायती रीत त्याने उचलली असेल. पण कुंचला त्याच्या हाती वेल्सने दिला नाही. एका तारखेने एवढे काम केले. म्हणून इतिहासात तारीख ही पाठांतराची गोष्ट नव्हे. कारागिराचा न्याय कधी कधी एका तारखेवर होतो.

तिसरी पायरी कामाची. गंगारामने जनावरे काढली, तालमीतले मल्ल काढले, आणि मालेटच्या सांगण्यावरून वेरूळची लेणी काढली. वेरूळचे दहावे लेणे लोक विश्वकर्म्याचे म्हणतात, आणि ‘सुताराची झोपडी’ असेही म्हणतात. लाकडी वाशांचे छत असावे तसे ते हुबेहूब दगडात कोरलेले आहे. लोकांनी त्या निनावी घडवणाऱ्यांना देवांच्या सुताराचे नाव देऊन टाकले, आणि हजार वर्षांनी एका तांबटाने त्या वेरुळाची चित्रे काढली. गंमत आहे, नाही का?

चौथी पायरी सर्वांत महत्त्वाची, आणि थोडी कडू आहे. ती कागदाच्या प्रवासाची. मालेटने वेरूळचे वर्णन कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीला पाठवले. ते त्या संस्थेच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’ या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात १७९९ साली छापून आले. वेल्स १७९५ मध्ये वारला. मालेट १७९८ साली विलायतेला परतला आणि दुसऱ्या वर्षी त्याने वेल्सच्या मुलीशी, सुझानाशी, लग्न केले. त्यामुळे सासऱ्याचे कागद आणि जावयाचे कागद एका घरी आले. १८०३ साली लंडनमध्ये थॉमस डॅनियल या चित्रकाराने वेरूळच्या चोवीस चित्रांचे मोठे पुस्तक काढले. त्याच्या मथळ्यावर चित्रे वेल्सची आणि कोरीव ठसे डॅनियलच्या देखरेखीखालचे, असे आहे. गंगारामचे नाव त्या मथळ्यात नाही. लेण्यांच्या तोंडाशी बसून ज्याने चित्रे काढली, त्याला विलायतेच्या वाचकाने ओळखले नाही.

मग त्याचे नाव वाचले कसे? मूळ चित्रांमुळे. ती मालेटच्या संग्रहात राहिली, काढणाऱ्याच्या नावासकट. पुढे हातोहात फिरत त्यांतली पुष्कळ चित्रे अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलाकेंद्रात पोचली. न्यू हेवन शहरातले हे केंद्र १९७७ साली लोकांना खुले झाले. त्यांनी यादी करताना चित्रांपुढे गंगारामचे नाव घातले. आज ती चित्रे संगणकावर घरबसल्या बघता येतात. विदुषी होली शॅफर यांनी २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात पश्चिम भारतातल्या त्या काळच्या कलेचा अभ्यास केला, आणि गंगारामसारख्यांच्या कामाला तिथे मानाची जागा मिळाली.

आणि समजा, ती चित्रे पुण्यातच राहिली असती तर? ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्याच दिवशी संगमावरचा इंग्रज वकिलाचा बंगला जाळला गेला. एल्फिन्स्टन त्या वेळी वकील होता. त्याची पुस्तके आणि कागद त्या आगीत गेले. पुढे अकराव्या दिवशी जनरल स्मिथच्या फौजेची लढाई आमच्या येरवड्याच्या उतारावर झाली आणि १७ नोव्हेंबरला शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. १८२८ मध्ये खुद्द शनिवारवाडा जळाला. म्हणजे ज्या दोन जागी गंगारामची चित्रे राहण्याचा संभव होता, त्या दोन्ही अकरा वर्षांच्या आत आगीच्या तोंडी पडल्या. चित्रे परक्याबरोबर समुद्रापार गेली म्हणून माणसाचे नाव उरले. ही गोष्ट अभिमानाची म्हणावी की खेदाची, हे तुम्हीच ठरवा. मला तीतून एक धडा मिळतो, की एकाच कपाटात एकच कागद ठेवू नये.

शनिवारवाडा जळाला, पण त्याच्या बांधकामाची माहिती अगदीच गेली असे नाही. १७३० च्या जानेवारीत पाया घातला आणि १७३२ च्या जानेवारीत वास्तुशांत झाली. ज्यांचे हात त्या वाड्याला लागले त्यांत देवजी सुतार, कोंडाजी सुतार, मोरारजी पाथरवट ही नावे इतिहासकारांनी नोंदली आहेत. बाजीरावाच्या वाड्याचे नाव काढताना देवजी आणि कोंडाजी या दोन सुतारांची नावे वर्गातल्या मुलांना अवश्य सांगा.

इथे तुम्ही विचाराल, ‘हे झाले राजवाड्याचे. आमच्या गावच्या सुतार-लोहाराला कोण विचारतो? त्याचे कागद कुठले?’ आहेत. कारागिरीच्या पोथीत मात्र ते मिळणार नाहीत. कारागिराचे नाव बहुधा तीन तऱ्हेच्या कागदांत सापडते. पैशाचा कागद, भांडणाचा कागद आणि प्रवासाचा कागद.

पैशाचा कागद म्हणजे हिशेब. पुण्यातल्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. मोडी लिपीतले असंख्य कागद कापडात बांधून ठेवले आहेत. अशा गठ्ठ्याला ‘रुमाल’ म्हणतात. रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० पासूनच्या काही वर्षांत त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापले. मोठ्या लढायांचे कागद त्यात आले, आणि ते योग्यच झाले. पण कारागीर शोधणाऱ्याने रोजकीर्दी पाहाव्या. कोणा गवंड्याला काय मजुरी दिली, कोणा सुताराला काय पागोटे दिले, असल्या ओळीत माणूस सापडतो. देवळाच्या जीर्णोद्धाराची वही, वाण्याची खातेवही, जुन्या वाड्यातल्या बांधकामाचे टिपण, हीदेखील त्याच जातीची.

भांडणाचा कागद म्हणजे महजर. बलुत्याचा हक्क कोणाचा, थोरला भाऊ कोण, दोन घरांत काम कसे वाटायचे, असा तंटा गावात उभा राहिला की गोतसभा बसे. पाटील, कुळकर्णी, बलुतेदार, शेजारच्या गावचे लोक जमत, आणि जो निवाडा होई त्याचा महजर लिहीत. ज्याला लिहिता येत नसे तो आपल्या धंद्याची निशाणी काढी. पाटलाचा नांगर, सुताराचा वाकस, कुंभाराचे चाक, न्हाव्याचा आरसा. वाचकहो, फिलाडेल्फियाचा सुतार खुर्चीला तापल्या मुद्रेचा डाग देत होता. आमचा सुतार न्यायाच्या कागदावर वाकस काढीत होता. त्याला अक्षर येत नव्हते, पण सही येत होती. आणि त्या निशाणीशेजारी कुळकर्ण्याने त्याचे नाव बापाच्या नावासकट लिहून ठेवले आहे. भांडण वाईट खरे. पण इतिहासाला पुष्कळदा तेच उपयोगी पडते. त्रिंबक नारायण आत्रे यांचे १९१५ सालचे ‘गावगाडा’ हे पुस्तक वाचले म्हणजे बलुतेदारांची ही सगळी रचना समजते, आणि मग असे कागद वाचणे सोपे जाते.

प्रवासाचा कागद म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या वह्या. नाशिक-त्र्यंबकेश्वराला गेलेल्या माणसाचे गाव, नाव, बाप, आजा, भाऊ, मुलगे हे सारे तिथले उपाध्ये लिहून ठेवीत आले. कुंभमेळ्याला गेलेला सुतार आपल्या हाताने वाकसाखेरीज काही काढू शकत नसेल. त्याच्या तीन पिढ्या मात्र उपाध्यायाच्या वहीत बसल्या.

याखेरीज गावातच कागद आहेत. फेरफाराची नोंद, जन्म-मृत्यूची नोंद, आणि शिक्षकमित्रांनो, तुमच्या शाळेचे जनरल रजिस्टर. जुन्या शाळेचे रजिस्टर कधी कधी शंभर वर्षांहून अधिक जुने असते. त्यात मुलाचे नाव, पालकाचे नाव, जात, राहण्याचे गाव, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण असते. सुताराचा मुलगा कोणत्या वर्षी शाळा सोडून बापाच्या हाताखाली गेला, हे त्या एका ओळीवरून काढता येते. गठ्ठा वाळवी खाते म्हणून ते जाळून टाकण्याआधी एकदा विचार करा.

आता शोधताना पाळायच्या काही गोष्टी सांगतो. आपल्याकडे आज्याचे नाव नातवाला ठेवतात; म्हणून साठ वर्षांच्या अंतराने एकच नाव आले तर तो एकच माणूस समजू नका. बापाचे नाव जुळल्याखेरीज दोन नोंदी जोडू नका. ‘आमच्या पणज्याने हे देऊळ बांधले’ असे कोणी सांगितले तर ते आदराने लिहून घ्या, पण ‘असे सांगतात’ म्हणून लिहा. आणि मग तुळईवर, घंटेवर, दीपमाळेवर शक कोरला आहे का ते बघा. शकात ७८ मिळवले म्हणजे इसवी सन येतो. वर्षाच्या अखेरच्या महिन्यांत ७९ मिळवावे लागतात. शिवाय ‘बांधले’ या शब्दाची उलटतपासणी करा. ज्याने पैसे दिले त्यानेही ‘बांधले’, आणि ज्याने दगड घडवले त्यानेही ‘बांधले’. शिलालेखात बहुधा पहिला असतो. आपल्याला दुसरा हवा आहे.

आणखी एक गोष्ट. या सगळ्या कागदांत बाईचे नाव फार थोडे. कुंभाराचे चाक महजरावर आले. माती मळणारी, मडकी उन्हात मांडणारी, बाजारात नेणारी त्याची कारभारीण आली नाही. साळ्याचा माग आला; कांड्या भरणारी आली नाही. जुने कागद आता बदलता येत नाहीत. पण आज आपण जे लिहू त्यात तरी ही चूक राहता कामा नये.

आणि लिहायचे आहे ते आजच. लाकडी नांगर मागे पडला. बैलगाडीला टायरची चाके आली. शाळेत लोखंडी बाक आले, घरात प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. यात वाईट मानण्याचे कारण नाही. स्वस्त आणि टिकाऊ वस्तू माणसे घेणारच. परंतु लाकडी चाकाचे आरे कसे बसवतात, तापलेली धाव चाकावर चढवून पाणी मारले की ती आवळून कशी बसते, हे ज्यांना हाताने येते, अशी माणसे आता म्हातारी झाली आहेत. त्यांच्याबरोबर कसब जाईल, आणि कोणी लिहिले नाही तर नावही जाईल. मग शंभर वर्षांनी आपलाच कोणी खापरपणतू म्हणेल, ‘आमचे कारागीर निनावी होते.’

तेव्हा शिक्षकमित्रांनो, एक साधी वही घाला. दर पानाला पाच रकाने पाडा. वस्तू कोणती, कोणी केली, बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावासह, कोणाजवळ शिकला किंवा शिकली, केव्हाच्या सुमारास केली, आणि हे कोणी सांगितले. शेवटचा रकाना विसरू नका, कारण त्याच्यावाचून बाकीच्या चारांना किंमत नाही. सातवी-आठवीची मुले सुट्टीत हे काम हौसेने करतील. देवळाचे दार, वाड्याची तुळई, पोळ्याच्या मातीच्या बैलांचा साचा, विहिरीचा मोटवण, पालखीचा दांडा, सगळे चालेल. वस्तूचे छायाचित्र घ्या. आज ते खेड्यातही अवघड राहिलेले नाही. ज्याचे नाव लिहिता त्याला विचारून लिहा, आणि लिहिलेले त्याला वाचून दाखवा. आपले नाव वहीत आले हे ऐकून त्या म्हाताऱ्याला काय वाटेल, याचा हिशेब मी मांडत नाही.

वहीच्या दोन प्रती करा. एक शाळेत ठेवा, एक गावच्या वाचनालयात. संगमावरची आग विसरू नका.

आणि शाळेत नवे बाक येतील, देवळाला नवे दार बसेल, त्या वेळी देणगीदारांच्या फळीवर एक ओळ वाढवायला सांगा. देणाऱ्यांची नावे असतातच. करणाऱ्याचेही नाव घाला, गावासकट, बापाच्या नावासकट. धेनुकाकटच्या सामी सुताराला दोन हजार वर्षांपूर्वी जो मान मिळाला, तो आजच्या सुताराला द्यायला फार तर दोन इंच जागा लागेल.